कमरेतून मांडीत उतरणारी कळ: पहिल्या दिवसापासून काय करायचं

मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर माझ्या डाव्या कुल्ल्यात चमक निघायला लागली. शिवणकाम करते मी, मराठवाड्यातल्या सेलूला. त्या दिवसांत ब्लाउजांचा ढीग पडलेला असतो, रोज नऊ-दहा तास मशीनवर बसणं होतं. आठ दिवसांत ती चमक मांडीच्या मागच्या बाजूनं पोटरीत उतरली आणि पायाच्या करंगळीपर्यंत मुंग्या यायला लागल्या. शिंक आली की डोळ्यांपुढं अंधारी यायची.

त्याच सुमारास माझ्या दिरांची उजवी मांडी दुखत होती. घरात सगळ्यांनी एकच निदान करून टाकलं, "दोघांचीही शीर दबली." माझं दुखणं कमरेतल्या गादीचं निघालं आणि ऑपरेशनशिवाय चौदा आठवड्यांत बरं झालं. दिरांवर आठ महिने गादीचेच उपचार चालले, आणि शेवटी कळलं की त्यांची कंबर चांगली होती, खराब झाला होता तो खुब्याचा सांधा. तोवर सांध्याची गोटी चपटी व्हायला लागली होती.

मी डॉक्टर नाही. पण या दोन दुखण्यांच्या निमित्तानं वर्षभर दवाखाने पाहिले, डॉक्टरांना आणि फिजिओथेरपीच्या ताईंना खोदून खोदून विचारलं, वहीत टिपून ठेवलं. मांडीत दुखतं म्हणजे बिघाड मांडीतच असतो असं नाही, एवढं आम्हाला सुरुवातीला कुणी सांगितलं असतं तर दिरांचे आठ महिने वाचले असते. म्हणून हे लिहिते आहे.

१. सगळ्यात आधी: थांबायचं की आत्ता निघायचं?

खालीलपैकी एक जरी गोष्ट असेल तर पुढचं वाचत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं जिल्ह्याचं किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठा.

- लघवी तुंबली आहे, किंवा नकळत होते आहे, किंवा शौचावरचा ताबा गेला आहे.
- दोन्ही मांड्यांच्या मधली जागा, म्हणजे सायकलच्या सीटला टेकते ती, बधिर झाली आहे. धुताना हात लागलेला कळत नाही.
- दोन्ही पायांत एकदम कळा आणि अशक्तपणा आला आहे.
- पाऊल वर उचलत नाही, चप्पल पायातून निसटते, आणि हे दिवसागणिक वाढतं आहे.
- पडल्यानंतर दुखायला लागलं आहे, विशेषतः वयस्कर माणसाला. खुब्याचं हाड मोडलं की पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतो. पण हाडाला नुसती चीर असेल तर माणूस चालूही शकतो, म्हणून "चालतोय की" या भरवशावर राहू नका.
- एकच पाय सुजला आहे, गरम लागतो आहे, आणि नुकतंच बाळंतपण, ऑपरेशन किंवा दीर्घ आजारपण झालं आहे. शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. सोबत धाप लागली तर एक मिनिटही दवडू नका.
- दुखण्यासोबत थंडी वाजून ताप आहे.

पहिल्या तीन गोष्टी लाजेमुळं लपवल्या जातात, बायका तर हमखास लपवतात. कमरेच्या तळाशी नसांचा जो जुडगा असतो तो पूर्ण दाबला गेला की असं होतं. अशा वेळी ऑपरेशन तासांच्या हिशेबानं करावं लागतं, साधारण ४८ तासांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. उशीर झाला तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. सासूबाईंना, आईला, वडिलांना हे प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारा.

२. दुखण्याचा नकाशा काढा

यातलं काही नसेल तर एक कोरा कागद घ्या. त्यावर माणसाची समोरून आणि पाठीमागून अशी दोन चित्रं काढा, कशीही येवोत. कळ कुठं सुरू होते, कुठून जाते आणि कुठं थांबते ते पेनानं रंगवा. बधिर जागेवर फुल्या मारा. माझ्या मते या सगळ्यात सर्वांत मोलाचं काम हेच आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. दिरांनी असा कागद काढला असता तर पेनाची पहिली रेघ जांघेतच पडली असती.

मांडीच्या मागून, गुडघ्याच्या खाली उतरणारी कळ. ही माझी. हिला सायटिका म्हणतात, आयुर्वेदात गृध्रसी. कमरेच्या मणक्यांमधल्या गादीचा काही भाग बाहेर येऊन नसेच्या मुळाशी टेकतो. बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या मणक्यामधली किंवा पाचव्याच्या खालची गादी असते. खोकलं, शिंकलं, शौचाला जोर केला की कळ झटका देते, कंबरेपेक्षा पायात जास्त दुखतं आणि बसलं की वाढतं. लोक म्हणतात तशी गादी "सरकत" नाही. तिचं वरचं आवरण फाटून आतला मऊ भाग बाहेर येतो, त्यामुळं दाबून ती "बसवता" येत नाही.

मांडीच्या पुढच्या बाजूनं गुडघ्यापर्यंत येणारी कळ. कमरेच्या वरच्या भागातली नस दाबली गेली तरी पुढून दुखतं. पण कळ जांघेत सुरू होत असेल तर आधी खुब्याकडं बघा. मांडी घालून बसता येतं का? उकिडवं बसता येतं का? बूट-चप्पल घालताना पाय आत-बाहेर वळवला की जांघेत दुखतं का? दिरांना पंगतीत मांडी घालून बसता येईना म्हणून ते भिंतीला टेकून पाय पसरून जेवायचे, आणि आम्हाला वाटायचं कमरेमुळंच. खुब्याचं दुखणं कधी कधी नुसतं गुडघ्यातच जाणवतं, जांघेत जाणवतही नाही. लहान मूल "गुडघा दुखतो" म्हणत लंगडत असेल तर गुडघ्यासोबत खुब्याचाही एक्स-रे काढायला सांगा, कारण चार ते आठ वर्षांच्या मुलांत आणि वयात येणाऱ्या मुलांत खुब्याचे वेगळे आजार असतात.

मधुमेह असलेल्यांनी इथं जास्त लक्ष द्या. पन्नाशीच्या पुढं, एका मांडीत पुढच्या बाजूला प्रचंड आग आणि ठणका, काही आठवड्यांत मांडी बारीक होणं, वजन उतरणं, उकिडवं बसल्यावर उठताच न येणं, असं झालं तर मधुमेहानं मांडीच्या नसांवर हल्ला केलेला असू शकतो. साखर माहीत नसेल तर ती तपासून घ्या. काहींना मधुमेह आहे हे अशाच वेळी पहिल्यांदा कळतं.

मांडीच्या बाहेरच्या बाजूला, तळहाताएवढ्या जागेत चरचर आणि बधिरपणा. पाय अशक्त होत नाही, गुडघ्याखाली काही नाही, पण साडी घासली तरी आग होते. इथली नस फक्त कातडीला जाणीव देते आणि ती कमरेच्या पुढच्या हाडाजवळून जाते. परकराची नाडी करकचून बांधणं, घट्ट जीन्स, पोटावर आवळलेला पट्टा, गरोदरपण, सुटलेलं पोट, मधुमेह यांमुळं ती तिथं आवळली जाते. माझ्याकडं शिवायला येणाऱ्या एका वहिनींना हेच होतं. नाडीऐवजी रुंद पट्टीचा परकर शिवून दिला आणि दीड महिन्यात त्यांची आग बरीच कमी झाली. दर वेळी इतकं सोपं नसतं, पण हे दुखणं धोक्याचं नाही एवढं कळलं तरी रात्रीची झोप लागते.

बाहेरच्याच बाजूला, पण खुब्याच्या टोकदार हाडावर दाबलं की दुखतं आणि त्या कुशीवर झोपता येत नाही. तिथल्या स्नायूंच्या दोऱ्या सुजलेल्या असतात. व्यायामानं आणि त्या कुशीवर न झोपल्यानं उतार पडतो.

चाललं की दोन्ही मांड्या भरून येतात, बसलं की मोकळ्या होतात. साठीच्या पुढच्यांना. यात एक खूण छान आहे. सायकलच्या हँडलवर वाकून, ती ढकलत चाललं तर कितीही चालता येतं आणि ताठ चाललं की शंभर पावलांत थांबावं लागतं, असं असेल तर मणक्यातली नसांची नळी अरुंद झालेली असते. नुसतं उभं राहिलं तरी थांबत असेल, पाय गार पडत असतील आणि बिडी-तंबाखूचं व्यसन असेल तर रक्तवाहिनीत अडथळा असू शकतो. दोन्हींचे डॉक्टर वेगळे, उपचार वेगळे.

कुशीतून जांघेत, मांडीच्या आतल्या बाजूला लाटेसारखी कळ. माणूस एका जागी पडू शकत नाही, तळमळतो. मुतखडा. आपल्याकडचा उन्हाळा आणि शेतातली तहान पाहता हे नवल नाही.

पट्ट्यासारखी आग आणि दोन-चार दिवसांनी त्याच जागी पाण्याचे फोड. ही नागीण. तिचं औषध फोड आल्यापासून ७२ तासांत सुरू झालं तर सर्वांत चांगलं लागू पडतं. गेरू लावून, मंत्र घालून हेच तीन दिवस जातात.

रात्री झोपेतही थांबत नाही, संध्याकाळी कणकण, घाम, वजन उतरतं आहे. मणक्याचा टीबी फुप्फुसात काही नसतानाही होतो. कधी पोटाच्या मागच्या स्नायूत पू साठतो आणि दुखतं मात्र मांडीत. याची औषधं सरकारी केंद्रात मोफत आहेत, साधारण वर्षभर किंवा जास्त घ्यावी लागतात, आणि निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेतो दरमहा १००० रुपये मिळतात. पूर्वी कॅन्सर झालेल्या माणसालाही असं रात्रीचं दुखणं आलं तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं.

आणखी एक गोष्ट आपल्या भागाची. नांदेड, बीडसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेलं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं तर हाडं आणि सांधे कडक होत जाऊ शकतात. गावातल्या पुष्कळ लोकांची कंबर आणि खुबे आखडलेले असतील, मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असतील तर पाण्याची तपासणी करून घ्या. ही एकट्याच्या गोळ्यांनी सुटणारी गोष्ट नाही.

३. पिशवीत काय न्यायचं

- नकाशाचा कागद. त्याच्या मागे लिहा: कधी सुरू झालं, कशानं वाढतं, कशानं थांबतं, रात्री झोप लागते का.
- चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं. बीपी, साखर, रक्त पातळ करणारी गोळी, सगळी. पुड्या घेतल्या असतील तर उरलेली पुडीसुद्धा.
- जुने एक्स-रे, एमआरआयच्या फिल्म आणि रिपोर्ट दोन्ही. नुसता रिपोर्ट पुरत नाही, चांगला डॉक्टर फिल्म स्वतः बघतो.
- आधार कार्ड, रेशन कार्ड, आयुष्मान कार्ड काढलं असेल तर ते. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. रेशन कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का ते आजच बघा. दिरांच्या नावातल्या एका काना-मात्रेनं आमचे चार दिवस खाल्ले.
- सैल कपडे. पायजमा किंवा गाऊन. तपासताना पाय पूर्ण वळवावा लागतो.
- सोबत एक माणूस, शक्य तो लिहिता-वाचता येणारा.

४. कुठं जायचं

पहिली भेट तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात किंवा नेहमीच्या एमबीबीएस डॉक्टरकडं पुरते. थेट शहरातल्या मोठ्या सर्जनकडं पळायची गरज नसते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या विभागाची, तिथं काही तपासण्यांना शुल्क लागतं, पण खासगीच्या मानानं फार कमी.

पुढं पाठवायचं झालं तर आपल्याकडं छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं विष्णुपुरीचं आणि लातूरचं विलासराव देशमुख ही जुनी महाविद्यालयं आहेत. अलीकडं धाराशिव आणि परभणीतही सुरू झाली आहेत. ओपीडी सकाळी असते, म्हणून पहाटेची एसटी पकडा आणि केसपेपरच्या रांगेत लवकर लागा. एक सांगते, बसमध्ये मागच्या सीटवर बसू नका. खड्ड्यात ती सीट उसळते आणि सगळी कळ पुन्हा जागी होते. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली जागा मागून घ्या, लाजू नका.

कुठल्या विभागात? अस्थिरोग विभागापासून सुरुवात करा. तिथून गरजेप्रमाणे मेंदू-मज्जातंतूच्या किंवा मेडिसिनच्या डॉक्टरांकडं पाठवतात.

५. तपासणीत काय व्हायला हवं

पहिल्या डॉक्टरनं मला हातही लावला नाही. दुखतंय कुठं विचारलं आणि एमआरआयची चिठ्ठी लिहून दिली. आता मला माहीत आहे की आधी हातानं तपासणं व्हायला हवं. चांगली तपासणी साधारण अशी होते:

उताणं झोपवून सरळ पाय वर उचलतात. ३० ते ७० अंशांत मांडीमागून पोटरीपर्यंत कळ गेली तर सायटिकाची शक्यता वाढते. गुडघ्यावर आणि टाचेमागे हातोडी मारून पाय उडतो का बघतात. पायाचा अंगठा दाबाविरुद्ध वर करायला लावतात. टाचांवर आणि चवड्यांवर चालवतात. हे तुम्ही घरी भिंत धरून रोज करून बघू शकता, आणि करायलाच हवं, कारण काल चवड्यावर उभं राहता येत होतं आणि आज येत नाही, ही खबर डॉक्टरांना लगेच द्यायची असते.

आणि गुडघा वाकवून खुबा आत-बाहेर फिरवतात. याला पंधरा सेकंद लागतात. दिरांच्या आठ महिन्यांत हे कुणीच केलं नाही. नवव्या महिन्यात एका तरुण डॉक्टरीण बाईंनी केलं आणि दीर ओरडले. तिथंच सगळं कळलं. तुमच्या मांडीच्या पुढून किंवा जांघेत दुखत असेल आणि कुणी खुबा फिरवून बघितला नाही, तर हात जोडून विनंती करा, "डॉक्टर, एकदा खुबा पण बघा."

आता एमआरआयबद्दल, कारण सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. साध्या एक्स-रेत हाड दिसतं, गादी आणि नस दिसत नाही. एमआरआयमध्ये गादी दिसते, पण अडचण अशी की ती जरा जास्तच दिसते. काहीही दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३० टक्के, पन्नाशीतल्या ६० टक्के आणि ऐंशीच्या वयाच्या ८४ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. ही सगळी धडधाकट माणसं. म्हणजे रिपोर्टात "डिस्क बल्ज" लिहून आलं तरी दुखणं त्याचंच आहे असं ठरत नाही. दिरांच्या कमरेच्या एमआरआयमध्येही बल्ज होताच. त्यावर बोट ठेवून आठ महिने औषधं चालली, आणि खुब्याची तपासणी राहून गेली.

म्हणून एमआरआय कधी? पहिल्या मुद्द्यातली धोक्याची खूण असेल तर तात्काळ. नसेल तर सहा आठवडे नीट उपचार करूनही उतार पडला नाही, किंवा इंजेक्शन-ऑपरेशनचा विचार सुरू झाला, तर. आणि तो काढल्यावर नकाशाशी जुळतो का हे विचारा. डावा पाय दुखतो आणि रिपोर्टात उजवी नस दाबलेली, असं असेल तर तो रिपोर्ट तुमच्या दुखण्याचा नव्हे.

६. पहिले सहा आठवडे: घरचे उपचार

हा भाग सायटिकाबद्दल आहे, कारण तेच सर्वांत जास्त आढळतं. बहुतेक लोकांना सहा ते बारा आठवड्यांत पुष्कळ उतार पडतो. बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीर हळूहळू विरघळवून टाकतं. मला हे ऐकून विश्वासच बसला नव्हता.

पडून राहू नका. माझी आई म्हणायची, "फळीवर झोप, महिनाभर उठू नको." पहिले एक-दोन दिवस फार दुखत असेल तर आडवं व्हा, पण नंतर हिंडतं-फिरतं राहणाऱ्यांना लवकर बरं वाटतं. मी पहिल्या आठवड्यात अंगणात पाच मिनिटं, दिवसातून सहा वेळा चालायचे. नंतर वेळ वाढवत नेली. फळीचीही गरज नाही, नेहमीची कापसाची गादी चालते, ती मध्ये खचलेली नसली म्हणजे झालं.

झोपताना उताणं असाल तर गुडघ्यांखाली उशी, कुशीवर असाल तर दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी. उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हातानं जोर देऊन उठा.

फिजिओथेरपीच्या ताईंनी मला पालथं झोपून कोपरांवर छाती उचलायला शिकवलं. त्यांनी सांगितलेली खूण लक्षात ठेवा: व्यायाम करताना पोटरीतली कळ वर सरकून मांडीत, मांडीतून कमरेत आली तर व्यायाम बरोबर आहे, कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. कळ खाली उतरत गेली तर तो व्यायाम तुमच्यासाठी नाही, थांबवा. हा व्यायाम सगळ्यांना चालत नाही. मणक्यातली नळी अरुंद झालेल्या वयस्करांना याच्या उलट, म्हणजे पुढं वाकण्याचे व्यायाम मानवतात. एकदा तरी प्रत्यक्ष शिकून घ्या, मोबाइलवर बघून नको.

शेक चालतो. पण मधुमेह असेल किंवा जागा बधिर असेल तर गरम पिशवीनं भाजलेलं कळत नाही, आधी दुसऱ्याच्या हातानं तपासा.

गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्या. पॅरासिटामॉल पोटाला सौम्य, पण दिवसाची मर्यादा ओलांडली किंवा दारूचं व्यसन असलं तर यकृताला धोका. सुजेवरच्या वेदनाशामक गोळ्या थोड्या दिवसांसाठी, जेवणानंतर. किडनीचा, अल्सरचा, हृदयाचा त्रास असेल तर त्या सांगितल्याशिवाय घेऊ नका. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर शेतात राबून, पाणी कमी पिऊन या गोळ्या घेणं किडनीसाठी फार वाईट. नसांच्या म्हणून प्रीगॅबालिनसारख्या गोळ्या सर्रास लिहून देतात. सायटिकात त्यांचा फायदा तपासण्यांत फारसा दिसलेला नाही आणि चक्कर, झापड येते. मला त्या गोळीवर मशीनची सुई बोटात गेली. नागिणीनंतरच्या किंवा मधुमेहाच्या नसांच्या दुखण्यात मात्र त्या उपयोगी पडतात, म्हणून डॉक्टरांना "कशासाठी देताय" हे विचारून घ्या आणि आपल्या मनानं एकदम बंद करू नका.

७. इथं पाय घसरतो

पुड्या. "एका दिवसात गुण" देणाऱ्या, कागदात बांधलेल्या, नाव नसलेल्या गोळ्या. त्यात बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. खरंच एका दिवसात गुण येतो, बंद केलं की दुप्पट दुखतं, आणि माणूस पुन्हा जातो. तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. दिरांना चिकुनगुनिया झाल्यावर सांधे दुखायचे म्हणून त्यांनी वर्षभर अशा पुड्या घेतल्या होत्या. स्टिरॉइडनं खुब्याच्या गोटीचा रक्तपुरवठा तुटतो आणि गोटी आतून मरते. दारूनंही असंच होतं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, त्यांच्या खुब्याचं कारण बहुधा तेच. तुम्ही कितीतरी आठवडे पुड्या घेत असाल तर आज रागानं फेकूनही देऊ नका, स्टिरॉइड अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना दाखवून हळूहळू कमी करून घ्या.

पायाळूची लाथ. उसण भरली की पायाळू माणसाकडून कमरेला लाथ मारून घ्यायची पद्धत घरोघरी आहे. नुसत्या लचकेला काही होत नसेल, पण गादी फुटलेली, हाड ठिसूळ झालेलं किंवा मणक्याला टीबी असलेला असेल तर या लाथेनं पाय कायमचे जाऊ शकतात. मणका "कटकन" मोडून बसवून देणाऱ्यांचंही तेच.

चटके देणं. मधुमेहाच्या पायावर दिलेला चटका चिघळतो. कृपा करून नको.

सलाईन लावून "ताकद" देणं. याचा मांडीच्या कळेशी काही संबंध नाही.

कमरेचा पट्टा. प्रवासात, जड कामात तासभर ठीक. दिवसभर बांधून ठेवला तर कमरेचे स्नायू आळसावतात.

८. इंजेक्शन आणि ऑपरेशन

मणक्यात नसेजवळ दिलेल्या इंजेक्शननं काहींना काही आठवडे आराम पडतो, त्या काळात चालणं आणि व्यायाम सुरू करता येतो. कायमचा इलाज म्हणून त्याकडं पाहू नका.

गादीचं ऑपरेशन कधी? पाय अशक्त होत चालला असेल तर लवकर. नुसती कळ असेल तर सहा ते बारा आठवडे वाट पाहूनही जगणं अशक्य झालं असेल आणि नकाशा, तपासणी, एमआरआय तिन्ही एकाच नसेकडं बोट दाखवत असतील तर. २००७ मध्ये नेदरलँड्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लवकर ऑपरेशन केलेल्यांची पायातली कळ लवकर गेली, पण वर्षभरानं ऑपरेशन केलेले आणि वाट पाहिलेले जवळपास सारखेच बरे होते. मला दुसऱ्या ठिकाणी चौथ्याच आठवड्यात ऑपरेशनची तारीख दिली होती. चवड्यावर उभं राहता येत होतं, पाय अशक्त नव्हता, म्हणून मी दुसरं मत घेतलं आणि थांबले. दुसरं मत घेणं म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे.

खुब्याच्या गोटीचं दुखणं लवकर सापडलं तर हाडाला छिद्र पाडून दाब कमी करता येतो. उशीर झाला की सांधा बदलावा लागतो. एका खुब्यात सापडलं की दोन्ही खुब्यांचा एमआरआय करतात, कारण दुसऱ्यातही ते असू शकतं. दिरांचा उजवा बदलला, डावा अजून टिकून आहे.

पैशाचं. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते ठरलेल्या आजारांसाठी आणि ठरलेल्या रुग्णालयांत, भरती झाल्यावर. ओपीडीची फी आणि बाहेरून काढलेला एमआरआय त्यात बसत नाही, हे आम्हाला बिल भरताना कळलं. योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. भरती होण्याआधी तिथं जाऊन तुमचं ऑपरेशन यादीत आहे का, या रुग्णालयात त्याची मंजुरी आहे का, हे दोन प्रश्न विचारा. फोनवर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० ला विचारता येतं. मंजुरीच्या आधी "अनामत" म्हणून पैसे मागितले तर पावती मागा आणि याच क्रमांकावर तक्रार करा.

९. परत कामाला लागताना

कळ पूर्ण जायची वाट पाहू नका, निम्म्यावर आली की हलकं काम सुरू करा. मी आधी रोज दोन तास मशीनवर बसले. मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर लावला, वाजला की उठून दारापर्यंत जाऊन यायचं. पायपट्टीच्या मशीनला मोटर बसवून घेतली आणि खुर्चीवर कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल ठेवला.

सोयाबीनचं पोतं, ऊसाची मोळी, पाण्याची घागर उचलताना कंबर वाकवून, त्यातच वळून उचलू नका. पोटाशी धरा, गुडघ्यात वाका, वळायचं तर पावलांनी वळा. ऊसतोडीत मोळी डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवर चढावं लागतं, तिथं ही शिकवण पाळणं कठीण आहे हे मला माहीत आहे. टोळीत ज्याची कळ ताजी आहे त्याला निदान दीड-दोन महिने कोयत्यावर ठेवा, मोळी दुसऱ्यानं चढवावी. कापूस वेचताना तासातासानं ओळीच्या टोकाला ताठ उभं राहून, कमरेवर हात ठेवून पाच-सहा वेळा मागं वाका. मोटारसायकलवर तीस किलोमीटर जायचं तर मध्ये दोनदा उतरा.

चवड्यांवर आणि टाचांवर चालून बघायची सवय मी अजून मोडलेली नाही. सकाळी चूल पेटण्याआधी भिंत धरून दहा पावलं अशी, दहा तशी. दिरांचं रोज वेगळं असतं: डावी जांघ दुखली का, एवढं ते सांगतात, आणि दुखली तर त्याच आठवड्यात आम्ही गाडी काढतो.